माहेरचा कंद आणि तेरड्याचं बी

घाटावरच्या एका शहरात, जुन्या बैठ्या घरात राहणाऱ्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरामागे भिंतीलगत दहा फूट लांब, तीन फूट रुंद अशी जमिनीची पट्टी आहे. सकाळचं चार तास ऊन येतं, माती काळी आहे. यंदा तिथे शोभेची विकतची झाडं न लावता आपल्याकडचं रानफूल लावायचं त्यांनी ठरवलं आहे. दिवाळीनंतर त्या कोकणात माहेरी गेल्या, तेव्हा आईने कुंपणातल्या कळलावीच्या वेलीचा कंद उकरून दिला आणि सोबत पुरचुंडीत तेरड्याचं बी. जागा दोघींपैकी एकीलाच पुरेल असं त्यांना वाटतं. सासूबाई म्हणतात, कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात. यजमान म्हणतात, तेरडा तर ओढ्याकाठी कुठेही उगवतो आणि त्याचा रंग तीन दिवसांचा. त्यांचं स्वतःचं मन कळलावीकडे ओढतं आहे, कारण ‘तेरडा काय, कुणाकडेही येतो, कळलावी खास आहे.’ घरात तीन वर्षांची मुलगी आहे. ‘दोन्ही देशी आहेत, म्हणजे फार काळजी घ्यावी लागणार नाही ना?’ असंही त्या विचारतात. कंद सध्या स्वयंपाकघरात कांद्या-बटाट्यांच्या टोपलीत आहे. मेअखेरीस पुन्हा माहेरी जायचं आहे, तेव्हा आईला काय सांगू, हा त्यांचा शेवटचा प्रश्न.

ताई,

बाकीचं नंतर वाचा. आधी तो कंद टोपलीतून काढा. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विषारी, खाऊ नये’ असं लिहा आणि मुलीचा हात पोचणार नाही अशा, स्वयंपाकघराबाहेरच्या जागी ठेवा. मग टोपली पुसा आणि साबणाने हात धुवा.

कळलावीचा कंद रताळं किंवा खाण्याचा रानकंद समजून शिजवला गेला आणि माणसं दगावली, असं भारतातही घडलं आहे आणि श्रीलंकेतही. शिजवल्याने त्यातलं विष जात नाही. तुम्हाला कंद ओळखता येतो हे मान्य, पण घरात तुम्ही एकट्याच स्वयंपाक करत नाही. कधी सासूबाई, कधी कामाला मदत करणाऱ्या बाई, कधी पाहुणी आलेली नणंद त्या टोपलीत हात घालेल. तिला काय माहीत?

त्या विषाचं नाव कोल्चिसिन. कळलावीच्या सगळ्या भागांत ते असतं, कंदात आणि बियांत जास्त. गाउट म्हणजे युरिक अॅसिड वाढून सांधे सुजण्याचा जो आजार आहे, त्यावर हेच कोल्चिसिन डॉक्टर अगदी मोजून, मिलिग्रॅमच्या अंशांत देतात. मोजमाप सुटलं की तेच औषध जीव घेतं. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही आणि इथेच घरचे फसतात. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, वाटतं काहीतरी बाधलं असेल, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत शरीरातले एकेक अवयव कोलमडत जातात. म्हणून कुणाच्या पोटात या वेलीचा तुकडा गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघायची नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. वेलीचा तुकडा पिशवीत घेऊन तडक रुग्णालय गाठायचं. डॉक्टरांना सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास चालतं.

हे इतकं आधी लिहिलं ते तुम्हाला घाबरवायला नव्हे. पत्रात तुम्ही तीन माणसांची मतं लिहिलीत, सासूबाईंचं, यजमानांचं, तुमचं. तिन्हींत या गोष्टीचा उल्लेख नाही. मुलीचं वयही तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय त्या एका ओळीवर फिरतो.

आता सासूबाईंचं म्हणणं. कळलावीमुळे भांडणं लागत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण तो समज उडवून लावण्याआधी नावाकडे जरा बघा. ‘कळ’ म्हणजे भांडणाची काडी, तशीच ‘कळ’ म्हणजे वेदना, बाळंतपणाची कळ. पूर्वी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा कंद वापरत, आणि वेलीच्या नावामागे हीच कळ आहे असं सांगतात. (आज हा प्रयोग कुणी सुचवला तर साफ नकार द्या.) नावात दोन्ही कळा असल्याने एकीची दुसरी झाली असावी. मला तर वाटतं, लहान मुलं आणि गुरं असलेल्या घरात ही वेल दारापासून लांब राहावी, एवढ्यासाठी कुणा शहाण्या आजीने भांडणाची भीती घातली असेल. सासूबाईंनी कारण चुकीचं दिलं, पण वेल दारात नको हे त्यांचं म्हणणं आज तुमच्या घरापुरतं बरोबर आहे. त्यांना तसं सांगा. ‘तुमचं ऐकते, पण कारण वेगळं आहे,’ असं सांगून खरं कारण समजावलंत तर पुढच्या वेळी मुलीला वेलीपासून लांब ठेवायला तुमच्याइतकाच त्यांचाही डोळा राहील.

तुमच्या आवारात किंवा शेजारी कण्हेर आहे का? पिवळी कण्हेर, धोतरा, रुई? तीही विषारी आहेत आणि त्यांना आपण सहज नांदू देतो, त्यांची फुलं देवालाही वाहतो. विषारी म्हणून प्रत्येक झाड उपटायचं म्हटलं तर निम्मं रान उपटावं लागेल. प्रश्न असतो तो घरात कोण आहे आणि झाड हाताच्या टप्प्यात आहे का, हा. कळलावीचं अवघड असं की तिचं सगळंच मुलांना बोलावणारं. फूल ज्वाळेसारखं आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, म्हणजे बरोबर तुमच्या मुलीच्या डोळ्यांसमोर. फुलं सरली की हिरव्या शेंगा धरतात. त्या वाळून उकलल्या की आत लालभडक, गोल, मण्यांसारख्या बिया. तीन वर्षांचं मूल त्या तोंडात घालणार नाही, अशी खात्री मी तरी देणार नाही.

यजमानांच्या म्हणण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तेरड्यावर आपण सगळ्यांनीच अन्याय केला आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण माणसांच्या उतावळ्या हौसेबद्दल आहे, झाडाच्या कुवतीबद्दल नाही. एकेक फूल दोन-चार दिवसांत गळतं हे खरं. पण पानापानाच्या बेचक्यात कळ्या असतात आणि त्या खालून वर उमलत जातात, त्यामुळे एकच रोप कित्येक आठवडे फुलत राहतं. पेरणीनंतर दोन महिन्यांच्या आसपास फुलायला लागलेला तेरडा पाऊस सरेपर्यंत थांबत नाही. आणि रंगच बदलण्याबद्दल बोलायचं तर तो बदलते कळलावी. उमलताना पाकळ्या हिरवट, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाला शेंदरी, शेवटी सबंध लाल. तिला त्याबद्दल कुणी म्हण चिकटवली नाही!

त्या ‘तीन दिवसां’त तेरड्याचं फूल काय करतं, ते मुलीला शेजारी घेऊन बघा. फुलाच्या मागे बारीक, वाकडी शेपटी असते. मध असतो तो त्या शेपटीत. लांब सोंडेची फुलपाखरं नि मधमाश्या तिथवर पोचायला तोंड आत घालतात, तेव्हा वरून त्यांच्या पाठीवर पराग पडतो. पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात. पराग देऊन झाला की ती टोपी गळून पडते आणि आतला स्त्रीकेसर उघडा होतो. म्हणजे तेच फूल आधी नर असतं, मग मादी. आपला पराग आपल्यालाच लागू नये यासाठी ही सोय. त्यानंतर लव असलेली फुगीर शेंग धरते. पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लावा, ती फटकन फुटते, तिच्या पाच पाकळ्या वळून गोल होतात आणि बिया दूर उडतात. लहानपणी ओढ्याकाठी हा खेळ तुम्हीही खेळला असाल. तुमच्या लेकीला तो बिनघोर खेळता येईल. तेरडा विषारी झाडांत मोडत नाही. तोंडात घालू नये हे मात्र तिला कुठल्याही झाडाबद्दल शिकवायलाच हवं.

आता तुमचं म्हणणं. तेरडा कुणाकडेही येतो, कळलावी खास. या वाक्यात मला थोडी गडबड दिसते. आईने दिलेलं बी आणि बाजारातल्या पाकिटातलं बी एक नाही. बागेसाठी म्हणून मिळणारा तेरडा बहुतेक वेळा दुहेरी पाकळ्यांचा, गुलाबासारखा गच्च भरलेला असतो. जात तीच, पण माणसाने निवडत निवडत भरगच्च केलेली. त्या गर्दीत मधमाशीला वाट सापडणं अवघड होतं. तुमच्या पुरचुंडीत आहे तो माहेरच्या परसातला साधा, एकेरी, गुलाबी-जांभळा तेरडा. तो त्या पाण्यामातीत पिढ्यान्‌पिढ्या स्वतःहून पडत-उगवत आला आहे. शेजारी दुहेरी जातीचा लावलात तर मधमाश्या दोघांचा पराग मिसळतील आणि दोन-तीन वर्षांत आईचं वाण हरवेल. म्हणजे खास काय आहे, ते तुम्हीच ठरवा.

आणि गौरी! कोकणातल्या कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर येते. पाणवठ्यावरून मुळांसकट रोपं आणायची, साडी नेसवायची. कळलावीच्या फुलालाही तिकडे ‘गौरीचे हात’ म्हणतात. तुमच्या आईने दोन्ही एकत्र बांधून दिली, त्यामागे हेच असावं. तुम्ही ‘दोघींपैकी कोण’ असं विचारता, पण आईने तरी त्या दोघींना एकमेकींसमोर उभं केलेलं दिसत नाही.

‘देशी म्हणजे काळजी नको’ हा समज तुमच्यासारख्या बऱ्याच जणांचा असतो, आणि त्यापायी दरवर्षी खूप रोपं मरतात. देशी म्हणजे कुठली देशी? कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाच्या अलीकडे, पुण्याच्या आसपास, तोच ७०० मिलिमीटरच्या घरात येतो. तिकडची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही, तुमची काळी माती चिखल होऊन बसते आणि उघडीप मिळाली की भेगाळते. झाड तेच, पण पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं आभाळ बदललं. त्याला जे पावसाने फुकट दिलं असतं ते आता तुम्हाला द्यायचं आहे आणि जे माती आपोआप वाहून नेत होती ते तुम्हाला काढून टाकायचं आहे. फवारण्या आणि खतांची भरमार लागणार नाही, एवढाच ‘देशी’चा अर्थ घ्या.

कळलावीच्या बाबतीत तर काळजीचा अर्थच उलटा आहे. ती पावसाळ्यात जागी असते. जूनमध्ये कोंब, जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत फुलं, हिवाळा लागला की वेल पिवळी पडून वाळते आणि जमिनीत कंद झोपी जातो. माझी पहिली कळलावी मी याच वेळी मारली. डिसेंबरात वेल वाळलेली बघून जीव कासावीस झाला, रोज तांब्याभर पाणी घातलं आणि जानेवारीत कुंडी उकरली तेव्हा हाताला पिठूळ लगदा लागला. दुसऱ्या वर्षी कंद लावताना घाई केली. त्याचा आकार नांगरासारखा, दोन फाट्यांचा असतो (संस्कृतात लांगली म्हणतात ते यावरूनच, लांगल म्हणजे नांगर) आणि कोंब येतो तो फाट्याच्या टोकातूनच. माझ्या हातून ते टोक मोडलं. त्या फाट्यातून काही आलं नाही. तुमच्या डब्यातल्या कंदाची दोन्ही टोकं शाबूत आहेत का, तेवढं बघून ठेवा.

तर मग करायचं काय?

कंद भिंतीलगतच्या पट्टीत लावणं मी पूर्णपणे बाद करते. मुलगी खेळणार ती जागा तीच. दुसरा पर्याय गच्चीवरच्या कुंडीचा. गच्चीला कडी असेल आणि ती खरोखरच लावली जात असेल तर तो विचार करण्याजोगा आहे. पण सुकवणीचे पापड, वाळत घातलेले कपडे, पतंग यांसाठी गच्चीचं दार दिवसातून किती वेळा उघडं राहतं हे तुम्हालाच माहीत. शेंगा हिरव्या असतानाच हातमोजे घालून तोडायच्या, वाळलेली वेल गोळा करून टाकायची, हे दरवर्षी न चुकता करावं लागेल. एका वर्षीची चूकही परवडणारी नाही.

म्हणून मी तिसरा पर्याय निवडेन. मेअखेरीस माहेरी जाताना तो कंद डब्यातून परत न्या आणि जिथून निघाला त्याच कुंपणात, पाऊस पडायच्या आत, चार बोटं खोल लावा. आणखी एक वर्ष तो डब्यात टिकेल असं समजू नका. दर पावसाळ्यात जुना कंद खर्ची पडतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. यंदा जमिनीत गेला नाही तर तो हळूहळू सुकून जाईल. कुंपणात तो वाढेल, आणि तुमची मुलगी सात-आठ वर्षांची, सांगितलेलं समजणारी झाली की त्याच वेलीचा नवा कंद तुम्हाला मागता येईल. आपल्या घरात लावणं लांबलं म्हणजे झाड गमावलं, असं नाही.

पट्टीत यंदा तेरडा लावा, पूर्ण पट्टीभर. दहा फूट म्हणजे चाळीस रोपं सुखाने मावतील आणि चाळीस तेरडे एकत्र फुलले की यजमानांची म्हण आपोआप मागे पडेल.

काळ्या मातीत आत्ताच, मेमध्ये, एक वीत खोल खणून मुरलेलं शेणखत आणि जाडसर वाळू किंवा तांबडी माती मिसळा. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे जोराच्या पावसात पाणी तुंबणार नाही. तेरड्याचा दांडा पाण्याने भरलेला, काचेसारखा असतो आणि बुडाशी चिखल राहिला की तो कुजतो. बी पहिल्या चांगल्या पावसानंतर, माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की टाका. खोल पुरू नका, वरून चिमटीने माती भुरभुरवली तरी पुरे. आठ-दहा दिवसांत उगवेल. चार पानांवर आलं की वीत-सव्वा वीत अंतर ठेवून विरळणी करा. इथे मन घट्ट करावं लागतं, दाट ठेवलेल्या तेरड्यावर पुढे भुरी येते, पानं पांढरी पडतात. विरळलेली रोपं ओली असतानाच दुसरीकडे लावली तर जगतात. शेजारी द्या.

रोपं लहान असताना खरा शत्रू गोगलगाय. एका रात्रीत सगळा वाफा साफ करते. पावसात राख टाकून उपयोग नाही, ती धुऊन जाते. रात्री नऊनंतर विजेरी घेऊन बाहेर जायचं आणि वेचायच्या, हाच उपाय, आणि तो दहा-बारा दिवसच करावा लागतो.

ऑगस्टमध्ये तुमच्याकडे आठ-दहा दिवसांची उघडीप पडते. त्या दिवसांत दुपारी तेरडा मान टाकेल. लगेच धावू नका. संध्याकाळी तो परत उभा राहिला तर त्याला पाणी पुरेसं आहे. सकाळीही माना खालीच असतील तर मात्र पाणी घाला, पानांवर नको, बुडाशी. वाफ्यावर पालापाचोळ्याचा थर दिला असेल तर ही वेळ क्वचितच येते. चार तासांचं सकाळचं ऊन त्याला अगदी मानवतं. पूर्ण दिवसाचं असतं तर मी काळजीत पडले असते.

गौरीसाठी रोपं उपटाल तेव्हा वाफ्याच्या एका टोकाची दहा-बारा मागे ठेवा, त्यांना हातही लावू नका. पानं थोडी खाल्लेली दिसली तरी औषध मारू नका. काही पतंगांच्या, जाडजूड, शेपटीवर काटा असणाऱ्या अळ्या तेरड्यावर वाढतात. त्यांनी चार पानं खाल्ली तर रोप मरत नाही, आणि रानफूल घरी आणायचं ते अशा पाहुण्यांसकट. मावा फारच झाला तर पाण्याची जोरदार धार पुरते.

भिंत उघडी वाटत असेल, वेलच हवी असेल, तर कुसर लावा. आपल्या सह्याद्रीतलीच, पांढऱ्या सुवासिक फुलांची रानमोगऱ्याची वेल आहे ती, उन्हाळ्यात फुलते. तेरडा नसतो त्या दिवसांत तिचा बहर येईल. मात्र ती पसरते, छाटावी लागते.

ज्यांच्या घरी लहान मुलं, कुत्री-मांजरं, शेळ्या-गुरं नाहीत आणि ज्यांना कळलावीच लावायची आहे, त्यांनी जरूर लावावी. मी आजही लावते. पाणी झरझर निचरून जाणारी माती, मूळ सावलीत आणि शेंडा उन्हात, एवढं जमवा. एक गोष्ट बहुतेकांची चुकते, ती म्हणजे आधार. कळलावी बऱ्याच वेलींसारखी दांड्याला वेढे घालत नाही, तिच्या पानाचं टोकच बारीक आकड्यासारखं वळतं आणि समोर येईल ते धरतं. जाड खांब किंवा गुळगुळीत भिंत त्या इवल्याशा आकड्याला धरता येत नाही. करवंदीसारखं झुडूप, काटक्या किंवा बारीक जाळी द्या. काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर मोजे घालून वेचा, त्या सबंध वेल ओरबाडतात. कंद, शेंगा हाताळताना मोजे हवेतच. पाणी दिवाळीनंतर बंद करा आणि जूनपर्यंत कुंडीकडे ढुंकूनही बघू नका.

ज्यांना माहेरचं कुंपण नाही, ते कंद कुठून आणतील, हेही सांगायला हवं. जंगलातून नाही. औषधासाठी कंद खणून नेल्यामुळे कितीतरी ठिकाणी कळलावी विरळ झाली आहे. तमिळनाडूचं ते राज्यफूल, तिथे कोल्चिसिनच्या बियांसाठी तिची शेती करतात. म्हणजे लावून वाढवता येते, ओरबाडायची गरज नाही. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून झाड उपटणं १९२७ च्या वन कायद्याने आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि भर फुलात असलेली वेल उपटली तर हाती काहीच लागत नाही, कारण नवा कंद अजून भरलेलाच नसतो. कासच्या पठारावर गुलाबी झालेला तेरडा पाहून रोप पिशवीत टाकण्याचा मोह होणाऱ्यांनाही हेच सांगेन. तो तेरडा वेगळ्या जातीचा, कातळावरच्या दोन-चार इंच मातीत आणि धुक्यात वाढणारा. तुमच्या कुंडीत तो आठवडाभरात माना टाकेल. देशी रोपं वाढवणाऱ्या रोपवाटिका आहेत, गावाकडे शेताचे बांध आहेत, मालकाला विचारून मूठभर बी घेता येतं. ‘रानफुलांचं मिश्र बी’ असं लिहिलेल्या पाकिटांवर मात्र विसंबू नका. त्यात बऱ्याचदा कॉसमॉस आणि झिनिया असतात, दोन्ही मेक्सिकोकडचे. सुंदर आहेत, पण तुम्ही शोधताय ते हे नव्हे.

आईला काय सांगायचं? जे आहे ते. कंद परत आणला म्हटल्यावर तिला क्षणभर वाईट वाटेल, म्हणून जाण्याआधी फोन करून कारण सांगा. तिच्या लहानपणी कुंपणातल्या वेलीकडे जायला तिला कुणी मनाई केली होती का, तेही विचारा. मला वाटतं, ते ती विसरली नसेल. मग कंद लेकीसमोर तिच्या आजीच्याच हातून लावून घ्या आणि ‘ही बघायची, हात लावायचा नाही’ हा पहिला धडा तिथेच होऊ द्या.

ऑक्टोबरात राखून ठेवलेल्या दहा-बारा रोपांवरच्या शेंगा फुगतील. फुटायच्या आत बी हवं असेल तर शेंगेवर पातळ कापडाची छोटी पिशवी बांधा, नाहीतर निम्मं बी शेजारच्या अंगणात जाईल. सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. पाकिटावर साल लिहा आणि त्यातलं मूठभर दिवाळीला आईकडे पोचवा. एखाद्या वर्षी ओढ्याच्या पाण्यात तिचा वाफा वाहून गेला, तर तिच्या तेरड्याचं बी तुमच्याकडे असेल.